पितळेनें जोडलेलें लोखंड



लोखंडास लोखंड जोडावयाचें म्हटलें कीं हल्लीं आपल्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें : रस्त्याकडेचें वेल्डिंगचें दुकान, काळी कांच चेहऱ्यापुढें धरून उकिडवा बसलेला कारागीर, आणि निळसर ठिणग्यांचा वर्षाव. पुण्याहून पौडकडे येतांना पिरंगुटच्या आसपास अशीं दुकानें किती तरी लागतात. फाटकें, जिने, पत्र्याच्या शेडी हीं सर्व त्यांचीं कामें, आणि तीं चांगलीं होतात. परंतु जोडण्याची याहून पुष्कळ जुनी आणि सौम्य अशी दुसरी एक रीत आहे. तिच्यांत लोखंड वितळत नाहीं. वितळते ती फक्त पितळ. आमचे कासार-तांबट या कामास झाळणें म्हणतात, सायकलीच्या कारखान्यांत त्याला ब्रेझिंग म्हणतात. हौसेनें घरीं लहानसहान सांगाडे करणाऱ्या मंडळींस ही रीत विशेष सोयीची आहे असें माझें मत आहे, आणि तें मत मला जरा महाग पडलेल्या अनुभवावरून बनलेलें आहे.

शाळेंत नोकरीस असतांना मी बरींच वर्षें सायकलीनें जात-येत असें. एके वर्षीं सीटखालची नळी जेथें खालच्या सांध्यांत शिरते तेथें केसासारखी चीर दिसली. मीं ती एका वेल्डिंगवाल्यास दाखविली. त्यानें पांच मिनिटांत चीर बुजवून दिली. पैसेही थोडेच घेतले. दिसावयास काम भक्कम होतें, मूळ सांध्याहून जाडच. पुढें दोन महिन्यांनीं, भर पावसांत, उतारावर ती नळी बरोबर त्या वेल्डिंगच्या कडेला तुटली. मी रस्त्यावर पडलों, सायकल ओढ्यांत गेली. खांद्याचें हाड मोडलें आणि सहा आठवडे मीं फळ्यावर डाव्या हातानें लिहिलें. माझ्या मागें कॅरिअरवर दुसरींतला एक मुलगा रोज बसून येत असे. त्या दिवशीं तो तापानें घरीं राहिला होता, ही गोष्ट आठवली म्हणजे अजून अंगावर कांटा उभा राहतो.

दोष त्या कारागिराच्या हातचलाखीचा नव्हता. तो सांधा मुळांत पितळेनें झाळलेला आहे हें त्याला ठाऊक नव्हतें आणि मलाही नव्हतें. पितळेच्या सांध्यावर विजेची ज्वाळा धरली कीं तीन गोष्टी घडतात. आंतली पितळ वितळून तिच्यांतील जस्त उकळूं लागतें, आणि त्याच्या वाफेनें वेल्डिंगच्या घट्ट होत असलेल्या लोखंडांत बुडबुडे राहतात. दुसरें असें कीं, तापून ताणाखालीं आलेल्या लोखंडाच्या कणाकणांमधील सीमांतून वितळलेलें तांबें आंत शिरतें आणि लोखंड आंतून चिरत जातें. ही चीर वरून दिसत नाहीं. तिसरें म्हणजे, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या नळीचा जो भाग एकदम तापून एकदम निवाला तो बाजूच्या भागाहून निराळ्या स्वभावाचा होतो, आणि नळी वांकूं लागली म्हणजे दोहोंच्या सीमेवर तुटते. माझी सायकल तेथेंच तुटली.

आतां झाळणें म्हणजे काय तें पाहूं. आपल्यापैकीं वडील मंडळींनीं कल्हईवाल्यास काम करतांना पाहिलें असेलच. तो भांडें तापवितो, नवसागराची चिमूट टाकतो, धूर निघतो, मग कथिलाची कांडी भांड्याला टेंकवून कापसाच्या बोळ्यानें तें कथील सर्वत्र फिरवितो. कथील २३२ अंशांवर वितळतें; भांड्याचें तांबें १०८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. म्हणजे भांडें घन राहतें आणि वितळलेलें कथील त्याला चिकटून बसतें. मात्र हें घडावयास पृष्ठभाग अगदीं निर्मळ पाहिजे. तापलेल्या धातूवर हवेमुळें जो मळ चढतो तो नवसागर खाऊन टाकतो. नवसागर विसरलेल्या कल्हईवाल्याचें कथील कमळाच्या पानावरील पाण्यासारखें गोळे होऊन पळेल. सर्व झाळकामाचें मर्म या एका दृश्यांत आहे : धातु स्वच्छ हवा, तो स्वतः तापलेला हवा, आणि वितळलेला डाख त्याला भिजवून पसरला पाहिजे.

कथील आणि शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळावयास लागतो. तो डब्यांना आणि विजेच्या तारांना ठीक. वजन पेलणाऱ्या सांगाड्यास तो निरुपयोगी आहे. शास्त्राच्या पुस्तकांत ४५० अंश ही सीमा मानलेली आहे. तिच्या खालीं वितळणारा तो साधा डाख, वर वितळणारी ती पक्की झाळ. सुमारे ६० भाग तांबें आणि ४० भाग जस्त अशी पितळ साधारण ९०० अंशांवर वितळते. नळ्यांचें साधें पोलाद १५०० अंशांच्या जवळपास वितळतें. मधलें हें सहाशें अंशांचें अंतर म्हणजे नवशिक्याला मिळालेली सवलत होय. वेल्डिंगमध्यें ती सवलत मुळींच नाहीं. तेथें लोखंड वितळवावेंच लागतें, आणि पातळ नळींत वितळणें व भोंक पडणें यांमध्यें क्षणाचेंच अंतर असतें.

ही विद्या परदेशांतून आली असें कोणास वाटेल, तर त्यानें पुण्यांत कसबा पेठेच्या तांबट आळींत जावें. पेशवाईपासून तेथें तांब्या-पितळेचीं भांडीं घडत आलीं आहेत, आणि तेथलें मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनीं उठविलेली ती चमकदार खवलेदार नक्षी, प्रसिद्धच आहे. घरांत एखादा जुना हंडा किंवा पाणी तापविण्याचा बंब असेल तर तो उजेडांत फिरवून पाहावा. पुष्कळदां तांब्याच्या लाल अंगावर एक पिवळी रेघ दिसते, कधीं सरळ, कधीं करवतीच्या दांतांसारखी. तीच झाळ. पत्र्याच्या दोन्ही कडा एकमेकींत बसवून त्यांवर पितळेचा कीस आणि टाकणखार घालून, भट्टींत तापवून तो सांधा केलेला असतो. असे बंब वर्षानुवर्षें रोज विस्तवावर राहिले आणि सांध्यांतून गळले नाहींत.

टाकणखाराविषयीं थोडें विषयांतर करतों. संस्कृतांत याला टंकण म्हणतात. तिबेट आणि लडाख या बाजूच्या खाऱ्या तळ्यांच्या कांठीं तो सांपडे आणि डोंगर ओलांडून खालीं येई. त्या मालाबरोबर त्याचें नांवही फारशींतून पश्चिमेकडे गेलें. इंग्रजी भाषेंत कच्च्या टाकणखारास आजही टिंकल म्हणतात, तें आपलें टंकणच. तो तव्यावर टाकला कीं फुलून पांढरी लाही होते, हें आपल्या घरांतील स्त्रियांना जुन्या काळापासून माहीत आहे. आणखी तापविला, सुमारे ७४० अंशांपर्यंत, म्हणजे लाही बसते व कांचेसारखा पातळ रस होतो. हा रस लोखंडावरील गंज विरघळवून घेतो आणि वरून हवा लागूं देत नाहीं. नवसागर कथिलाकरितां जें करतो तें टाकणखार पितळेकरितां करतो.

सायकलीचा आणि या झाळेचा संबंध जन्मापासूनचा आहे. दोन सारख्या चाकांची, सांखळीची सायकल इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यांनीं १८८५ सालीं रोव्हर या नांवानें बाजारांत आणली. त्या वेळीं आजच्यासारखें वेल्डिंग उपलब्धच नव्हतें. ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांची ज्योत जोडकामांत आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं. तेव्हां कारागिरांनीं नळ्यांच्या टोंकांवर पोलादी टोपणें बसविलीं, त्यांना ते लग म्हणतात, आणि नळी व टोपण यांमधील फटींत पितळ भरली. पुढें वेल्डिंग आलें तरी ही रीत टिकली, कारण पातळ व कसदार नळीला तीच मानवते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें १९३५ सालीं ५३१ या नांवाच्या ज्या मँगॅनीज-मॉलिब्डेनमच्या नळ्या काढल्या, त्या झाळूनच जोडावयाच्या असत. आपल्याकडील साधी काळी सायकल, जिच्यावरून दूधवाले, पोस्टमन आणि मास्तर यांनीं जन्म काढले, तिच्या हँडलखालच्या सांध्यावर बोट फिरविलें तर टोपणाची कड हातास लागते. कर्वेनगरांत २०१७ सालीं सायकलींचें एक संग्रहालय सुरू झालें आहे. तेथें जुन्या बी.एस.ए. सायकलींच्या सांध्यांकडे मुलांचें लक्ष अवश्य वेधावें. मुलें चाकें पाहतात आणि सांधे पाहावयाचे विसरतात.

पितळ लोखंडाहून नरम, मग तिचा सांधा नळीइतका मजबूत कसा, असा प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्यानें मला विचारला होता. त्याचें उत्तर गणितांत आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, १.६ मिलिमीटर जाडीची नळी घ्या. तिचा आडवा छेद केला तर लोखंडाचें क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस मिलिमीटर भरतें. तीच नळी टोपणांत २५ मिलिमीटर आंत घातली, तर पितळ ज्या पृष्ठभागास धरून बसते त्याचें क्षेत्रफळ परीघ गुणिलें लांबी, म्हणजे सुमारे १९६० चौरस मिलिमीटर होतें. सोळा पटींहून अधिक. पितळेची पकड दर चौरस मिलिमीटरला लोखंडाच्या निम्मीच धरली, आणि तुमच्या चुकीनें अर्ध्याच जागेंत पितळ पोहोंचली असें मानलें, तरीही ओढतांना सांधा सुटण्यापूर्वीं नळी तुटेल. यांतच या रीतीची मर्यादाही दिसते. दोन नळ्यांचीं टोंकें नुसतीं समोरासमोर टेंकवून मध्यें पितळ भरली तर ही सोळा पट कोठून येणार? तसा सांधा करूं नये. एक नळी दुसरींत शिरली पाहिजे, किंवा वर टोपण पाहिजे. निदान एका नळीचें टोंक माशाच्या तोंडासारखें कानसून दुसरीच्या अंगावर चपखल बसवून भोंवतीं पितळेची जाड गोलसर कड तरी उभारली पाहिजे. शेवटची रीत सुबक दिसते, पण तिला पितळ फार लागते व हात बसलेला असावा लागतो.

फट किती असावी? येथेंच बहुतेकांची चूक होते. मनुष्याला वाटतें, ऐसपैस जागा असली कीं पितळ सुखानें आंत जाईल. वास्तविक पितळ आंत जाते ती दिव्याच्या वातींत तेल चढतें त्या नियमानें, आणि वात जितकी दाट तितकें तेल अधिक चढतें. एक-दोन केस मावतील एवढी, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याएवढी फट उत्तम. नळी टोपणांत हातानें सरकावी, परंतु खुळखुळूं नये. दुसऱ्या टोंकाला, नळी बंदिस्त होत असेल तर, दोन-तीन मिलिमीटरचें एक भोंक ठेवावें. नाहींतर आंतली तापलेली हवा पितळेला बाहेर लोटते. सांधा हलूं नये म्हणून एक बारीक खिळा आरपार ठोकून ठेवण्याची जुन्या सायकल-कारागिरांची युक्ति फार चांगली आहे.

साहित्य थोडें लागतें : शेगडा, हॅक्सॉ, एक चपटी व एक अर्धगोल कानस, पॉलिश कागद, पितळेच्या कांड्या, टाकणखार, आणि विस्तव. विस्तवाचाच प्रश्न मोठा. लोहाराचा भाता व कोळसा यांनीं हें काम पूर्वीपासून होत आलें आहे, पण त्यांत ज्योत हवी तेथें नेतां येत नाहीं. गॅस व हवेचा मोठ्या तोंडाचा बर्नर सव्वा इंचापर्यंतच्या पातळ नळ्यांना पुरतो, मात्र कामाभोंवतीं उष्णता धरून ठेवणाऱ्या भट्टीच्या विटांचा आडोसा करावयास हवा. उघड्या वाऱ्यावर अर्धा तास धरला तरी लोखंड लाल होणार नाहीं. स्वयंपाकाचें १४.२ किलोचें सिलिंडर या कामाला लावूं नये. तें नियमास धरून नाहीं आणि धोक्याचेंही आहे. ऑक्सिजन वापरणारानें त्याच्या झडपेला तेल-वंगणाचा हातही लावूं नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्यें तेल आपण होऊन पेट घेतें.

आतां प्रत्यक्ष कृति. नळी बाहेरून आणि टोपण आंतून पांढरें लख्ख होईपर्यंत घांसावें, आणि मग त्यावर बोट लावूं नये, कारण बोटाचा तेलकटपणाही पितळेला आवडत नाहीं. टाकणखार पाण्यांत खलून लापशीसारखा करावा व दोन्ही अंगांस फांसून नळी बसवावी. ज्योत प्रथम लांबून, जाड भागावर अधिक धरावी. टोपण आधीं तापलें तर तें फुगून फट वाढते, म्हणून नळीकडेही लक्ष असूं द्यावें. लापशी सुकेल, मग लाही फुलेल, मग बसेल, आणि लोखंडावर ओल्या कांचेसारखी चकाकी येईल. याच वेळीं लोखंड काळपट लालीवरून उजळ लालीकडे जातें. हा रंग सावलींत पाहावा. उन्हांत लाल लोखंडही काळें दिसतें आणि मनुष्य फसतो. आतां कांडी ज्योतीला नव्हे, तापलेल्या लोखंडाला टेंकवावी. लोखंड पुरेसें तापलें असेल तर कांडीचें टोंक एकदम वितळून कडेभोंवतीं धांवेल. मग ज्योत हळूहळू टोपणाच्या दुसऱ्या कडेकडे न्यावी. पितळ उष्णतेच्या मागें जाते. तुम्ही या कडेला कांडी देतां आणि त्या कडेला पिवळी चकचकीत रेघ उमटते, तेव्हां आंतली सर्व जागा भरली असें समजावें. पहिल्यांदा ती रेघ उमटली तेव्हां मी साठी जवळ आलेला मनुष्य मुलासारखा ओरडलों होतों.

ज्योत तेवढ्यावर थांबवावी. अधिक तापविल्यास पांढरा धूर निघूं लागतो. जस्त ९०७ अंशांवर उकळतें आणि तें उडून गेलें म्हणजे सांध्यांत टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें पडतात. तो धूर छातींत गेला तर त्याच रात्रीं हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून काम वाऱ्याच्या जागीं करावें, आणि जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी कधीं घेऊं नये. घ्यावीच लागली तर सांध्याजवळचा मुलामा पूर्ण काढून टाकावा. चांदीच्या कांड्या पितळेहून दोनअडीचशें अंश कमी उष्णतेवर वितळतात व काम सोपें करतात, परंतु महाग पडतात. शिवाय कांहीं जुन्या प्रकारांत कॅडमियम असे. त्याचा धूर जिवावर बेततो. विकत घेतांना कॅडमियम नसलेली कांडी मागून घ्यावी.

सांधा झाला कीं त्याला हात लावूं नये व पाण्यांत बुडवूं नये. पितळ घट्ट होत असतां नळी हलली तर आंत सूक्ष्म चिरा पडतात, आणि मग माझ्या खांद्यासारखी गोष्ट होते.

हें सर्व ऐकून कोणी वेल्डिंगवाल्याशीं भांडूं नये. जाड लोखंड, फाटक, खांब, चुलीजवळ किंवा भट्टीजवळ तापणारें कोणतेंही काम वेल्डिंगनेंच करावें. तेथें पितळेचा आग्रह धरणें हा हट्ट होय. मात्र वेल्डिंगला वीज लागते. मुळशीच्या धरणाचें पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहांत १९२७ सालापासून वीज निर्माण करीत आलें आहे. ज्या धरणासाठीं जमिनी गेल्या व १९२१ सालीं सत्याग्रह झाला, त्याच धरणाच्या कांठच्या वाड्यांत पावसाळ्यांत दिवा गेला कीं केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. असो; तो निराळ्या भाषणाचा विषय आहे. विस्तवाला मात्र विजेच्या तारेची वाट पाहावी लागत नाहीं.

हौशी मनुष्यानें आरंभ कशापासून करावा? कुंड्यांची घडवंची, सायकलीचें कॅरिअर, दुर्बिणीची तिवई, सायकलीमागें ओढावयाची छोटी गाडी, अशा वस्तूंपासून करावा. सायकलीचा पुढचा चिमटा आणि हँडलखालचा सांधा यांना नवशिक्यानें हात घालूं नये. तेथें चूक झाली तर तोंडावर पडावें लागतें, आणि तें दुसऱ्याचेंही तोंड असूं शकतें. पहिले दोन-तीन सांधे केवळ कापून पाहण्यासाठीं करावेत. शेगड्यांत धरून हॅक्सॉनें उभे चिरावे. दोन काळ्या रेघांमध्यें पिवळी रेघ सलग दिसली तर काम बरोबर आहे. मध्यें कांचेसारखे काळे ठिपके दिसले तर तो अडकलेला टाकणखार समजावा, म्हणजे एक तर उष्णता कमी पडली किंवा फट वाईट होती. माझे पहिले चार सांधे ठिपक्यांनीं भरलेले निघाले. ते मीं अजून ठेवले आहेत आणि शिकावयास येणाऱ्या मुलांना आधीं तेच दाखवितों.

शेवटीं एक काम राहतें, आणि आमच्या मावळांत तें सर्वांत महत्त्वाचें. निवालेल्या सांध्यावर टाकणखाराची कांचेसारखी खपली राहते. ती फार कठीण असते, आणि घाईनें तिच्यावरच रंग देण्याचा मोह होतो. पण ती खपली हवेंतील ओल शोषते. आषाढांतील चार आठवडे कपडे वाळत नाहींत अशा ठिकाणीं ती रंगाच्या खालीं फुलते, रंग सोलून काढते, आणि गंज नेमका सांध्याच्या कडेला धरतो. म्हणून सांधा तासभर कढत पाण्यांत ठेवावा, तारेच्या ब्रशनें घांसावा, पुन्हां ठेवावा, पुन्हां घांसावा. बोट फिरवून कोठेंही खरखर लागली नाहीं म्हणजे पुसून, उन्हांत किंवा चुलीजवळ कोरडा करून, त्याच दिवशीं लाल प्रायमरचा हात द्यावा. नळींत ठेवलेल्या भोंकांतून आंत थोडें तेल सोडून नळी फिरवावी आणि मग तें भोंक मेणानें बुजवून टाकावें.